निळी टिक नक्की कशाची पोच देते?

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं. टाकी धुवायची म्हणून मंगळवारी सकाळी नऊ ते एक पाणी बंद राहील, असा मेसेज सेक्रेटरींनी आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नेमका त्याच दिवशी सत्यनारायण. गुरुजी येऊन बसलेले, प्रसादाचा शिरा व्हायचा, आणि नळाला थेंब नाही. काकू खाली उतरल्या त्या थेट सेक्रेटरींच्या दारात.

"मला कुणी कळवलं नाही."

"ग्रुपवर टाकलं होतं, काकू."

"दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. मेसेजखाली एकच करडी टिक. "बघा! एकच टिक आहे. म्हणजे गेलाच नाही तुमचा मेसेज."

मी दुधाची पिशवी घेऊन वर चाललो होतो. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, एवढ्या भांडवलावर मला पंच नेमण्यात आलं. सेक्रेटरींच्या फोनवर तो मेसेज दाबून धरला, माहितीचं पान उघडलं. कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोचला, याची यादी आली. वाचलेल्यांत काकूंचं नाव होतं. वेळ, रात्री दहा बावन्न. काकू क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "दहा बावन्नला मी झोपलेली असते. फोन नातवाकडे असतो, गेम खेळायला."

सेक्रेटरी खोटं बोलत नव्हते, काकूही नव्हत्या, आणि टिकसुद्धा नव्हती. तरी भांडण झालंच. शेजारच्यांच्या पिंपातून दोन बादल्या आल्या, पूजा पार पडली, पण माझ्या डोक्यातून ती टिक काही जाईना. ऑफिसात रोज याच टिकवरून रुसवेफुगवे होतात. घरात होतात. आणि आपल्यातल्या बहुतेकांना ती टिक काय म्हणते हे अर्धंच माहीत असतं. म्हणून हा प्रपंच.

आधी मेसेजचा प्रवास बघू. तुम्ही पाठवण्याचं बटण दाबलंत आणि तिथे छोटं घड्याळ दिसत राहिलं, तर मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. लिफ्टमध्ये असाल, भुयारी मेट्रोत असाल, रेंज नसेल. घड्याळ जाऊन एक टिक आली की मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरने घेतला. सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब, थंड खोलीत चालू असलेले कंपनीचे संगणक. तुमचं काम तिथे संपलं. समोरच्याला अजून काहीही मिळालेलं नाही.

आता सर्व्हरला तो मेसेज समोरच्याच्या फोनवर द्यायचा आहे. पण फोन सदानकदा जागा नसतो. बॅटरी वाचावी म्हणून खिशातला फोन बहुतेक ॲप झोपवून ठेवतो. प्रत्येक ॲपने दर मिनिटाला "काही आलं का" विचारत बसायचं ठरवलं तर चर्चगेटला शंभर टक्के असलेली बॅटरी बोरिवलीला संपेल. म्हणून सगळ्यांच्या वतीने एकच राखणदार जागा असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो गूगलचा असतो, आयफोनमध्ये ॲपलचा. सर्व्हर त्या राखणदाराला सांगतो, तो ॲपला हलवून उठवतो, ॲप मेसेज घेतं. काही फोनमध्ये बॅटरी वाचवायचा सोस एवढा असतो की ते ॲपला उठूच देत नाहीत. मग "तू फोन बंद ठेवला होतास का?" आणि "नाही गं, चालूच होता" असा संवाद होतो. दोघीही खरं बोलत असतात.

मेसेज मिळाला की समोरच्याच्या फोनमधलं ॲप आपण होऊन एक इवलासा उलट निरोप पाठवतं: मिळालं. त्या निरोपाने तुमच्या पडद्यावर दुसरी टिक उमटते. म्हणजे दुसरी टिक हा खरं तर समोरून आलेला मेसेजच आहे, फक्त तो माणसाने लिहिलेला नाही, यंत्राने लिहिलाय. समोरच्याचा फोन बंद असेल तर मेसेज सर्व्हरवर थांबतो. तो तिथे जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, मग पुसला जातो.

निळी टिक म्हणजे आणखी एक उलट निरोप. या माणसाबरोबरची चॅट पडद्यावर उघडली गेली आणि हा मेसेज दिसण्याच्या जागी आला, एवढंच तो सांगतो. डोळे पडद्यावर होते का, हे ॲपला कळत नाही. कुणाचे डोळे होते, हेही नाही. नातू असेल, चुकून बोट लागलं असेल, भाजी परतता परतता एका हाताने उघडून काहीही न कळता बंद केलं असेल. उलट बाजूही आहे. वरून पट्टी खाली ओढून नोटिफिकेशनमध्येच अख्खा मेसेज वाचला तर निळी टिक जात नाही. मुंबईत ही विद्या आता शाळकरी पोरांनाही येते.

२०२१पासून एका खात्याला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येऊ लागली. तेव्हापासून दुसऱ्या टिकेचा अर्थ जरा पातळ झाला, कारण आता ती फोनवर किंवा जोडलेल्या कुठल्याही उपकरणावर मेसेज पोचला तरी येते. मी रात्री लॅपटॉप ऑफिसात चालू ठेवून निघालो, त्यावर व्हॉट्सॲप उघडं राहिलं आणि माझा फोन कुर्ल्यालाच मान टाकून बंद पडला, तरी पाठवणाऱ्याला दोन टिका दिसणार. मेसेज पोचला आहे लोअर परळच्या रिकाम्या मजल्यावर. मी उभा आहे डोंबिवली लोकलच्या दारात.

ग्रुपचं गणित वेगळं, आणि तिथेच काकू आणि सेक्रेटरी दोघांची गल्लत झाली. ग्रुपमध्ये दुसरी टिक तेव्हाच येते, जेव्हा मेसेज एकूण एक सदस्याच्या फोनवर पोचतो. निळी तेव्हाच होते, जेव्हा एकूण एक जण चॅट उघडतो. आमच्या ग्रुपात १७४ माणसं. त्यातला एक नंबर अशा गृहस्थांचा आहे, जे त्या भांडणाच्या दोन महिने आधी मुलाकडे परदेशी गेले आणि जुना फोन कपाटात ठेवून गेले. म्हणजे १७३ जणांनी वाचून, त्यावर भांडून, अंगठे देऊन झालं तरी सेक्रेटरींना दिसणार एकच टिक. मोठ्या ग्रुपमध्ये टिककडे बघणंच सोडून द्यावं. बघायचंच असेल तर मेसेज दाबून माहितीची यादी बघावी, तीही पाठवणाऱ्यालाच दिसते.

आता प्रश्न येतो की सर्व्हरवर थांबलेला मेसेज कंपनी वाचते का. याचं उत्तर मुंबईकराला डब्याच्या उदाहरणाने चटकन कळतं. डबेवाल्याकडे तुमचा डबा दिला की तो झाकणावरची खूण वाचतो: कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा. आत कारलं आहे की पुरणपोळी, त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६मध्ये सगळ्या मेसेजना असंच कुलूप लावलं. मेसेज तुमच्या फोनमध्येच बंद होतो आणि फक्त समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. शिवाय किल्ली प्रत्येक मेसेजला बदलते, त्यामुळे एखादी किल्ली कुणाच्या हाती लागली तरी आधीचे सगळे डबे उघडत नाहीत. या कुलपाची रचना सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपच्या लोकांनी केलेली आहे, आणि ती सर्वांना तपासायला खुली आहे.

पण झाकणावरची खूण? ती उघडीच असते. नाही तर डबा पोचणार कसा? कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा मेसेज करतो, कुठल्या ग्रुपमध्ये कोण आहे, ही माहिती कंपनीला दिसू शकते. रोज दुपारी एकच माणूस एकाच पत्त्यावर दोन डबे मागवायला लागला तर डबा न उघडताही डबेवाल्याला बरंच काही कळतं. "माझे मेसेज सुरक्षित आहेत" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अजून एक भोक आहे. फोन हरवला तर मेसेज परत मिळावेत म्हणून आपण गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर त्यांची प्रत ठेवतो. त्या प्रतीलाही तसंच कुलूप लावायची सोय २०२१च्या अखेरीस आली, पण ती आपण होऊन सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती केली नसेल तर कुलूप लावलेल्या कपाटाची दुसरी किल्ली तुम्ही पायपुसण्याखाली ठेवली आहे, असं समजा.

असो. परत टिककडे.

निळ्या टिका नोव्हेंबर २०१४मध्ये आल्या. त्याआधी लोक एकमेकांना विचारत, "मेसेज बघितलास का?" त्या प्रश्नाला "नाही रे, आत्ता बघतो" असं खोटं उत्तर देता येत असे, आणि त्या खोट्यावर अनेक मैत्र्या आणि काही लग्नंसुद्धा सुरळीत चालत. टिकने ते खोटं बोलायची सोय काढून घेतली. ओरड एवढी झाली की थोड्याच दिवसांत ती बंद करायचं बटण द्यावं लागलं. ते बंद केलं तर तुम्हालाही दुसऱ्यांच्या निळ्या टिका दिसत नाहीत, असा सौदा आहे. त्यातही दोन पळवाटा बंद आहेत: ग्रुपमध्ये ते बटण चालत नाही, आणि व्हॉइस मेसेज ऐकलात की तो ऐकल्याची खूण जातेच.

माझ्या लहानपणी पोस्टात "रजिस्टर ए.डी." असायचं. नुसतं पत्र वेगळं, रजिस्टर पत्र वेगळं, आणि समोरच्याने सही करून दिलेली पोचपावती परत हवी असेल तर त्याचे वर आणखी पैसे. त्यामुळे पोचपावती कुणी मागायचं? वकील. जागेचा वाद असलेले भाऊ. बँक. आत्याला दिवाळीचं भेटकार्ड कुणी ए.डी.ने पाठवलं नाही. पाठवलं असतं तर आत्या घाबरली असती, की याला माझ्यावर दावा लावायचाय की काय. पोच मागण्याला पैसे पडत होते, म्हणून पोच कधी मागायची याचा विचार व्हायचा. आता ती फुकट आहे आणि न मागता येते. सकाळी सहाचं गुलाबाच्या फुलाचं "शुभ सकाळ" देखील रजिस्टर ए.डी.ने येतं, आणि "पाहिलंस, पण उत्तर नाही दिलंस" हा ठपका त्यालाही लागू होतो. माझ्या मते सगळी गोची इथेच आहे. पोच ही पोच असते. तिला आपण कबुली समजायला लागलो, आणि कबुलीला वचन.

ही गल्लत फक्त काकूंची नाही, कोर्टालाही या टिकेचा विचार करावा लागला. जून २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं एक प्रकरण होतं. थकबाकीदार नोटीस घ्यायला टाळत होता. तेव्हा कार्ड कंपनीच्या माणसाने नोटिशीची पीडीएफ आणि सुनावणीची तारीख त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. मेसेज पोचला, एवढंच नव्हे तर जोडलेली फाइल उघडली गेली, हे खुणांवरून दिसलं, आणि न्यायालयाने नोटीस बजावली गेली असं मानलं. काकूंचा नातू त्या घरात असता तर काय झालं असतं, हा माझा आगाऊ प्रश्न. पण हे नीट पाहा: तिथे आधी इतर मार्गांनी प्रयत्न झाले होते, माणूस टाळतोय हे दिसत होतं, आणि टिक हा त्यातला एक पुरावा होता. जुलै २०२०मध्ये, कोविडच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानेही ईमेल आणि व्हॉट्सॲपसारख्या मार्गांनी समन्स पाठवायला परवानगी दिली. मात्र पोलिसांनी आरोपीला हजर राहण्यासाठी द्यायच्या नोटिशीचा प्रश्न आला तेव्हा, जानेवारी २०२५मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितलं की ती व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही. का, ते उघड आहे. ती नोटीस मिळून माणूस हजर झाला नाही तर अटक होऊ शकते. जिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागतं तिथे टिकेवर विसंबता येत नाही. थकबाकीचं प्रकरण वेगळं.

कोर्टाला जो फरक करावासा वाटला तो ऑफिसात मात्र कुणी करत नाही. आमच्याकडे रात्री पावणेअकराला ग्रुपवर येतं, "उद्याच्या कॉलच्या आधी एकदा आकडे बघून घ्या." सकाळी साडेनऊला येतं, "काल रात्रीच सांगितलं होतं, सगळ्यांनी बघितलंय." बघितलंय, खरं आहे. आता बघितल्यामुळे तो पावणेअकराचा मेसेज कामाच्या वेळेत शिरला की काम माझ्या झोपेच्या वेळेत शिरलं?

मी जिथे बसतो त्या काचेच्या इमारतीच्या जागी पूर्वी सुताची गिरणी होती. माझे आजोबा तिथे नव्हे पण जवळच, साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, सायंकाळी माणसांचा लोंढा बाहेर. हल्ली त्या भोंग्याची फार हळवी आठवण काढली जाते, की बघा तेव्हा काम फाटकाच्या आत राहायचं. आजोबांना ते ऐकवलं असतं तर ते हसले असते. एक तर जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, बहुतेकदा त्याच वस्तीत राहायचा, आणि उद्या बदलीवर काम मिळणार की नाही हे त्याच्या मर्जीवर असायचं. त्याला चाळीच्या जिन्यात नमस्कार करायला लागायचाच. त्याला टिकेची गरज नव्हती. दुसरं म्हणजे भोंग्याच्या वेळा आयत्या मिळालेल्या नव्हत्या. नारायण मेघाजी लोखंडे १८८४पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागत होते. ती मुंबईच्या गिरण्यांत १० जून १८९०ला मिळाली. आज आपण रविवारी दुपारी जेवून आडवे होतो ते त्या मागणीच्या जोरावर.

पण मला टिकेशी जास्त जुळणारी वाटते ती दिव्यांची गोष्ट. गिरण्यांत विजेचे दिवे येईपर्यंत काम सूर्याच्या उजेडात व्हायचं. उजेड गेला की साचे बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०५च्या आसपास, मुंबईत दिवे लागले आणि धंदा तेजीत असताना कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कुणी नवा नियम केला नव्हता. जुना नियम मोडलाही नव्हता, कारण सूर्य मावळणं हा नियम कुणी लिहूनच ठेवलेला नव्हता, तो आपोआप पाळला जायचा. दिव्याने तेवढी अडचण दूर केली. कामगारांचा असंतोष उसळला, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. पुढे कमी कमी होत १९४८च्या कारखाने कायद्यात दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास झाले.

फोनचंही तसंच झालं. "घरी गेलेल्या माणसाला ऑफिसचा निरोप देता येत नाही" हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, ती नुसती अडचण होती. साहेबाला शिपाई पाठवावा लागे, किंवा शेजारच्यांच्या फोनवर फोन करून "जरा वरच्यांना बोलावता का" म्हणावं लागे. एवढा खटाटोप आकडे बघून घेण्यासाठी कोण करणार? अडचण गेली, आणि तिच्याबरोबर न लिहिलेला नियमही गेला.

लिहिलेले नियम कुठे आहेत? महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७चा कायदा आहे. त्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम असं होतं. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. पण पावणेअकराला वाचलेला मेसेज हे काम धरायचं का, यावर कायदा काही बोलत नाही. तो बसल्या जागेचे तास मोजणारा कायदा आहे.

कामानंतर संपर्क तोडायच्या हक्कासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं. अशी विधेयकं आजवर चौदाच मंजूर झाली, शेवटचं १९७०मध्ये, त्यामुळे त्याच्या भरवशावर आज रात्री फोन बंद करू नका. बाहेर मात्र दोन वेगळे प्रकार दिसतात, आणि त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४पासून कर्मचाऱ्याला वेळेबाहेरचा मेसेज न वाचण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क आहे, जोवर तसं नाकारणं अवाजवी ठरत नाही. साहेबाने मेसेज करायला बंदी नाही. पोर्तुगालने २०२१मध्ये उलटीकडून धरलं: विश्रांतीच्या वेळेत संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली, अगदी तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एकीकडे दार वाजलं तरी न उघडायची मुभा, दुसरीकडे दारच वाजवायचं नाही. मला पोर्तुगालचं पटतं. ज्याची नोकरी कच्ची आहे त्याला न उघडायची मुभा कागदावरच राहते. जॉबरच्या काळातही माणसं त्याला ओळख दाखवत नव्हती असं झालं नाही.

सोसायटीच्या ग्रुपबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहिली, ॲडमिन होण्याची भीती. ग्रुपमध्ये कुणी वाह्यात काही टाकलं तर ॲडमिनला पोलीस धरतात, अशी समजूत आमच्याकडे इतकी पक्की होती की वर्षभर कुणी ॲडमिन व्हायला तयार नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, त्याचाही त्यात हात असल्याचं दाखवावं लागेल. २०२२पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसताही येतो. त्या दोन गोष्टी सांगितल्यावर आमच्याकडे एकदम चार ॲडमिन झाले, आणि आता ते एकमेकांचे मेसेज पुसतात.

दुसरी, फॉरवर्डची खूण. दोन बाणांची "अनेकदा फॉरवर्ड केलेला" अशी खूण दिसली की लोक म्हणतात, खोटं असणार. ती खूण खऱ्याखोट्याचं काहीच सांगत नाही. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आला एवढंच ती मोजते, आणि तो मोजणीचा आकडा कुलपाच्या आत मेसेजबरोबरच फिरतो, म्हणून कंपनीला आतलं न वाचता ती दाखवता येते. भारतात जमावाने माणसं मारल्याच्या घटनांनंतर जुलै २०१८मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. एप्रिल २०२०पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. महापालिकेची पाणीकपातीची खरी सूचनाही दोन बाणांनिशीच येते. आणि कुणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर निखालस खोटी बातमीसुद्धा बाणाशिवाय, अगदी ताज्या भाजीसारखी येते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, सल्ला म्हणून नव्हे. निळ्या टिका मी बंद केलेल्या नाहीत, कारण आईच्या मेसेजखालची निळी टिक मला हवी असते. ती गावी एकटी असते, उत्तर टाइप करायचा तिला कंटाळा, टिक निळी झाली की ती उठली आणि चष्मा सापडला एवढं कळतं. तिथे ती पोच म्हणूनच उपयोगी पडते, आणि तिच्याकडून मी त्याहून जास्त काही मागतही नाही. "शेवटचं पाहिलं" आणि "ऑनलाइन" मात्र बंद ठेवले आहेत, २०२२पासून ऑनलाइनही लपवता येतं. चाळीच्या गॅलरीतून कुणाच्या खोलीत अजून दिवा आहे हे दिसायचं ते वेगळं. तिथे बघणाराही दिसायचा.

ऑफिसच्या ग्रुपसाठी आमच्या टीममध्ये एक कच्चा करार झाला आहे. रात्री आठवण झाली आणि उद्या विसरायची भीती असेल तर लिहावं, पण सुरुवातीला "उद्या" हा शब्द घालावा. तो शब्द असलेल्या मेसेजची टिक निळी झाली काय, करडी राहिली काय, सकाळी त्याचा उल्लेख करायचा नाही. खरंच घाई असेल तर फोन करायचा. फोन करायला धीर लागतो, समोरच्याच्या घरातला कुकर ऐकू येतो, मूल रडताना ऐकू येतं. गेल्या सहा महिन्यांत रात्री नऊनंतर मला दोनच फोन आले. त्यातला एक चुकून लागला होता.

मॅनेजर मात्र करारात अर्धाच आहे. परवा रात्री सव्वाअकराला त्याचा मेसेज आला, "उद्या" नव्हतं. मी पट्टी खाली ओढून वाचला, फोन उशीखाली ठेवला. त्यालाही ही विद्या येते, त्यामुळे करड्या टिकांवर त्याचा विश्वास बसला असेल असं नाही. सकाळी लिफ्टमध्ये भेटला. "रात्री मेसेज पोचला ना?" त्याने विचारलं.

"पोचला होता," मी म्हटलं. लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली, दोघांचे फोन एकदमच वाजले, आणि आम्ही दोघंही आपापली पट्टी खाली ओढत बाहेर पडलो.